कुळे ते दूधसागर जीप: एका जिप्सीवाल्याने मागच्या बाकावरून पाहिलेली वाट

वाटेतल्या पहिल्या ओढ्याच्या पाण्यात जीप उतरली तेव्हा माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. पायाखाली ना ब्रेक ना एक्सिलरेटर, नुसता पत्रा. मी मागच्या आडव्या बाकावर होतो, अंगात नारिंगी लाईफ जॅकेट, मांडीवर भाच्याची पाण्याची बाटली. सोळा वर्षं स्वतःची जिप्सी, म्हणजे मारुतीची फोर-बाय-फोर, हाकतोय, पण जंगलातल्या वाटेवर दुसऱ्याच्या मागे बसायची ही पहिलीच खेप. म्हणून लक्ष सगळं ड्रायव्हरकडे.

पाण्याच्या काठाला त्याने गाडी पूर्ण थांबवली. समोरून कोणी उतरत नाही ना, एवढं बघितलं. मग फोर-लो (चारही चाकांना संथ पण जास्त जोर देणारा गिअर), पहिला गिअर, आणि क्लचवरून पाय काढून घेतला. पाण्यात एकदाही क्लच दाबला नाही, एकदाही रेस वाढवली नाही. बंपरपुढे पाण्याची एक छोटी लाट तयार झाली आणि ती तशीच पुढे ठेवून जीप चालत्या बैलाच्या वेगाने पलीकडे गेली. वर चढल्यावर चार-पाचदा ब्रेक हलकेच दाबून ड्रम सुकवले. बाजूला बसलेल्या बंगळुरूच्या पोराने "भैया, थोडा उडाओ ना" म्हटलं, पाणी उडवून हवं होतं त्याला. ड्रायव्हर म्हणाला, "इधर नहीं उडाते." पुढे एक शब्द नाही.

त्या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसलोय.

मी गोव्यातल्या साखळीचा. बाबा खाणीवर टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, चालवायचे. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या तेव्हा टिपर अंगणात उभा राहिला. पुढे सुरू झाल्या, आणि 2018 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाच्या निकालाने खाणींच्या 88 लीज रद्द झाल्या आणि मार्चमध्ये काम थांबलं तेव्हा परत उभा राहिला, आणि मग विकला. मी गाडी शिकलो ती खाणीच्या लाल रस्त्यांवर. ओल्या मातीत चाक कधी पकडतं आणि कधी नुसतं फिरतं, हे बाबांनी मला स्टिअरिंगच्या थरथरण्यावरून ओळखायला शिकवलं. जिप्सी घेतली तीसुद्धा त्याच ओढीने. आमचा आठ जणांचा ग्रुप आहे: दोन थार, दोन जिप्सी, एक जिम्नी, एक जुनी महिंद्रा मेजर, बाकीचे दोघे कोणाच्या तरी शेजारी बसून येतात. रविवारी पहाटे निघायचं, हातगाड्यांवर उंडे (गोल पाव) आणि पातळ भाजी खायची, दुपारपर्यंत मातीत राहायचं आणि जेवायला घरी. दारू नाही, गाणी नाहीत. आम्ही जंगलाचं काही बिघडवतो असं मला कधी वाटलंच नव्हतं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सत्तरी तालुक्यात एका वाटेवर वनरक्षकाने आम्हाला अडवलं. पुढे अभयारण्याची हद्द आहे, परवाना दाखवा म्हणाला. परवाना नव्हता. तो रागावला नाही, आवाज चढवला नाही, गाड्यांचे नंबर लिहून घेतले आणि वळवायला लावलं. त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता जाळ. आजोबांच्या काळापासून बैलगाडी जाते, मग आमची गाडी का नको? डोंगर पोखरले तेव्हा हे कुठे होते? मीही लिहिलं, आणि बरंच लिहिलं. खाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाला हा दुसरा प्रश्न पोटातून येतो, तो खोटाही नाही.

पण मग मी एक केलं. सरळ एका सरकारी कचेरीत गेलो, विचारायला: आमच्याकडे नोंदणी केलेल्या, विमा असलेल्या फोर-बाय-फोर गाड्या आहेत, या राज्यात आम्ही त्या मातीच्या कुठल्या वाटेवर कायदेशीर चालवू शकतो? एकच प्रश्न. दोन दिवस अर्धी-अर्धी रजा टाकली, चार टेबलं फिरलो. एकाने अर्ज द्या म्हटलं, दुसऱ्याने हा आमचा विषयच नाही म्हटलं, तिसऱ्याने प्रेमाने बसवून चहा दिला आणि विचारलं, "पण तुम्हाला तिथे जायचंच कशाला?" अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून गोल शिक्का मिळाला. उत्तर अजून आलेलं नाही.

अशा मनःस्थितीत जानेवारीत आईला दूधसागर दाखवायला नेलं. आई अडुसष्ट वर्षांची, धबधबा तिने आयुष्यात एकदाच पाहिलेला, तोही रेल्वेच्या खिडकीतून. उसगाव, तिस्क, धारबांदोडा, मोले आणि तिथून आत कुळे. जिप्सी कुळ्यातच ठेवली. हे ठळक सांगतो, कारण या बाबतीत लोक फसतात: धबधब्याच्या वाटेवर खासगी गाडी सोडत नाहीत, तुमची थार कितीही तयार असली तरी. माझ्या पुण्याच्या मावसभावाला किनाऱ्यावरच्या एका एजंटने "अपनी गाडी ऊपर तक जाएगी" असं सांगून पॅकेज विकलं होतं. बिचारा तीन तास गाडी चालवून आला आणि शेवटी कुळ्यातल्या जीपच्याच रांगेत उभा राहिला. एजंटला दिलेले पैसे गेले ते गेले.

रांगेचं म्हणाल तर, आम्ही पावणेआठला पोहोचलो आणि साडेआठच्या सुमारास जीपमध्ये होतो. एका जीपमध्ये सात जण. तुम्ही तिघे असाल तर बाकीचे चार येईपर्यंत थांबायचं. ओळखपत्र लागतं. लाईफ जॅकेट घ्यावंच लागतं, पाण्यात उतरणार नसलात तरी. शनिवार-रविवार टाळा, आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा तर अजिबात नको. जीपगाड्या पाळीने सुटतात, त्यामुळे ड्रायव्हर गिऱ्हाइकासाठी ओढाताण करत नाही आणि वाटेत एकमेकाला मागे टाकायची घाईही नाही. पुढच्या फेरीसाठी धावत सुटायचं कारणच उरत नाही. वेग का कमी आहे, याचं मला वाटतं अर्धं उत्तर इथेच आहे.

वाट दहा-बारा किलोमीटरची, पाऊण तास लागतो. सगळी भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून. दोन्ही मिळून 240 चौरस किलोमीटर, त्यातलं 107 राष्ट्रीय उद्यान. लोक झाडं बघत होते, माकडं बघत होते. मी चाकोरी बघत होतो.

आमच्या रविवारच्या वाटांवर काय होतं सांगतो. पावसात एका ठिकाणी चिखल होतो. पहिली गाडी मधून जाते, दुसरी अडकते, तिसरी शहाणपणा करून बाजूच्या गवतातून वळसा घेते. पुढच्या रविवारी तो वळसा हीच वाट झालेली असते, मग त्यातही चिखल होतो, मग त्याच्या बाजूने अजून एक वळसा. दोन पावसाळ्यांत आठ फुटांची वाट तीस फूट रुंद होते. कुळ्याच्या या वाटेवर रोज किती जीपगाड्या जातात-येतात, तरी ती अख्खी एकाच जीपच्या रुंदीची आहे. समोरून गाडी आली तर ठरलेल्या जागी एक थांबते, दुसरी जाते. खड्डा आला तर खड्ड्यातून जायचं. वळसा मला एकही दिसला नाही, आणि मी शोधत होतो. काही ठिकाणी खोल चाकोरीत दगड नीट बसवलेले होते. उतरल्यावर ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणाला, पाऊस सरला की वाट उघडायच्या आधी दगड-माती घालावीच लागते, नाहीतर पहिल्याच आठवड्यात स्प्रिंगपाटे जातात. जून ते सप्टेंबर वाट बंदच. वाट दुरुस्त ठेवण्यात त्याचं पोट आहे, म्हणून ती दुरुस्त राहते.

शेवटचा टप्पा पायी. मुळं, गुळगुळीत दगड, चढउतार. आईला पंचवीस मिनिटं लागली, एका हाताने माझा दंड आणि दुसऱ्या हातात काठी. गुडघे दुखत असतील तर विचार करून या. पण ती पोचली, आणि समोर 310 मीटरवरून पाणी उतरताना बघून तिने हात जोडले. जानेवारीत धार बारीक असते, तरी पांढरी. वरच्या पुलावरून रेल्वे गेली तेव्हा तिने भाच्याला बोट दाखवून सांगितलं, "तिथून बघितला होता मी." तेवढ्यासाठी सगळे पैसे वसूल. कुंडात उतरायचं तर जॅकेट घालूनच. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नका, माकडं झडप घालतात. आम्हाला तिथे तासभराहून थोडा जास्त वेळ मिळाला.

आता मूळ मुद्दा. त्या "इधर नहीं उडाते"मुळे मला माझाच एक फोटो आठवला.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही एका सड्यावर गेलो होतो. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. उन्हाळ्यात काळं, करपलेलं, पावसात मात्र वीतभर गवत आणि त्यात फुलं. मी जिप्सी आडवी घालून एक झकास फोटो काढला, चिखलाचा फवारा छपरापर्यंत. नोव्हेंबरमध्ये त्याच जागी गेलो तेव्हा माझ्या टायरची नक्षी मातीत भाजलेल्या विटेसारखी उभी होती. पुढच्या ऑगस्टला पुन्हा गेलो. आजूबाजूला सगळीकडे गेंद फुललेले, दवबिंदूची लाल चिकट पानं उन्हात चमकत होती, जांभळी सीतेची आसवं होती. आणि मधून दोन पट्टे, नऊ इंच रुंद, वीस-पंचवीस पावलं लांब, ज्यांत काही नव्हतं. पट्ट्यात पाणी साचलं होतं आणि त्यात बेडकाची पिल्लं वळवळत होती. वरून अजून एक गाडी गेली असती तर तीही गेली असती. मी उकिडवा बसून त्या पट्ट्यावर हात ठेवला. जांभ्यावर माती असते बोटभर. ती दाबली गेली की त्यात मूळ शिरत नाही, आणि आपल्याकडचा पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटर; चाकोरी मिळाली की तो तिचा ओहोळ करतो. ती वाट आम्हाला कोणीही बंद केलेली नव्हती. तिथे वनरक्षक नव्हता, पाटी नव्हती. जे झालं ते माझ्या चाकाने झालं.

म्हणून आता ग्रुपवर वाद होतो तेव्हा मी वेगळं बोलतो, आणि दोघा मित्रांना ते आवडत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्याच्या कलम 27 प्रमाणे अभयारण्यात कोण जाऊ शकतं ते ठरलेलं आहे: कामावरचा सरकारी माणूस, आत ज्याची जमीन आहे तो, सार्वजनिक हमरस्त्याने पार जाणारा, परवाना घेतलेला, असे. कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देऊ शकतात, आणि त्या कारणांत पर्यटनसुद्धा आहे. म्हणजे दार कायमचं भिंत घालून बंद केलेलं नाही. सत्तरीतल्या ज्या लोकांची कुळागरं (सुपारीच्या बागा), काजूच्या बागा आत आहेत, त्यांचा रस्ता हा त्यांचा हक्क आहे, आणि त्यांच्या बैलगाडीच्या वाटेचा दाखला देऊन आमची रविवारची हौस आत ढकलणं मला आता बरोबर वाटत नाही. त्यांची वाट पोटासाठी आहे.

किनाऱ्यावर तर वाद घालायला जागाच नाही. मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात, आणि तिथल्या वाळूवर थार घालून रील काढणारे दर हंगामात रुततात. त्यांना ओढून काढायला आमच्या ग्रुपला फोन येतात. आम्ही जाणं बंद केलंय. पोलिसांना कळवा म्हणतो.

पण सरकारकडूनही मला काही हवं आहे, आणि ते मी तितक्याच जोराने मागतो. अमेरिकेत त्यांच्या वन सेवेने 2005 मध्ये एक नियम केला: प्रत्येक राष्ट्रीय वनाने कुठल्या रस्त्यावर, कुठल्या प्रकारची गाडी, वर्षाच्या कुठल्या काळात चालेल हे ठरवायचं आणि त्याचा नकाशा छापायचा. तो नकाशा फुकट मिळतो. नकाशात जे नाही ते गाडीला बंद. तिथेही भांडणं कमी नाहीत. युटा राज्यात मोआबजवळ 2023 मध्ये 317 मैलांच्या वाटा गाड्यांना बंद केल्या, तेव्हा गाडीवाले कोर्टात गेले. पण भांडायला त्यांच्या हातात कागद तरी आहे. अमुक वाट का बंद केली, असं नाव घेऊन विचारता येतं. माझ्या हातात एक गोल शिक्का आहे.

आमच्याकडे चिखलाची हौस काही नवी नाही. रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेची भारतातली पहिली फेरी 2014 मध्ये भर पावसात गोव्यातच झाली. स्पर्धेला आखलेला ट्रॅक असतो, वेळ असते, माणसं उभी असतात. साध्या गाडीवाल्याला वर्षभर असं काही नाही. आणि डिचोली-सांग्याच्या पट्ट्यात खाणींचे जुने वाहतुकीचे रस्ते पडून आहेत, अभयारण्याच्या बाहेर, आधीच उकरलेले, जिथे नवीन काही मरायचं उरलेलं नाही. त्यातले दोन रस्ते, गावांना विचारून, आम्हाला आखून द्या. फी घ्या. दिवसाला ठराविकच गाड्या सोडा. पावसाचे चार महिने बंद ठेवा. होय, आम्हाला चिखल सर्वांत जास्त आवडतो तेच महिने, तरीही. गेटवर त्याच गावातली मुलं ठेवा, टिपर गेल्यावर ज्यांच्या घरातली मिळकत गेली त्यांची. वळसा घेणाऱ्याचा परवाना काढून घ्या. दगड बसवायला आम्ही आठ जण पहिल्या दिवशी घमेलं घेऊन येतो. कुळ्यात हे सगळं जवळजवळ असंच चाललेलं मी मागच्या बाकावरून बघितलं, म्हणून हे जमणार नाही असं कोणी सांगितलं तर मी ऐकणार नाही.

थोडं जीपबद्दल, ज्यांना फक्त जायचं आहे त्यांच्यासाठी. पुढची सीट वयस्कर माणसाला द्या, आधीच ड्रायव्हरला सांगून ठेवा. मागचे बाक आडवे असतात, धरायला वरचा दांडा, आणि आम्हाला मिळालेल्या जीपमधली गादी पार बसलेली होती. परत येताना माझी कंबर भरून आली. पाठीचं दुखणं असेल तर मागे बसूच नका. गाडीला धूळ खूप, रुमाल बांधा. जास्तीचे कपडे पिशवीत ठेवा, पण पिशवी आत न्यायचीच असेल तर लहान. सिगारेट, शेगडी, बाटल्या घरी. लहान मुलं मजेत येतात. माझा भाचा नऊ वर्षांचा, तिसऱ्या पाण्यात त्याने डोळे मिटले नाहीत. परतल्यावर पोटात कावळे ओरडतात, कुळ्यात जेवण मिळतं, आम्ही मात्र मोल्याला येऊन जेवलो आणि वाटेत तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ बघितलं. कदंबांच्या काळातलं, काळ्या दगडाचं. आईचा दिवस त्याने पुरा झाला.

वाट आणि ड्रायव्हर यांना पाचपैकी पाच. जीपच्या बाकाला तीन. एकूण मी साडेचार देतो.

ड्रायव्हरला उतरताना मी सांगितलं की माझ्याकडे जिप्सी आहे. त्याने पहिला प्रश्न विचारला तो टायरचा. मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे खोल नक्षीचे, आहेत म्हटल्यावर मान हलवली, "वाट खणतात ते. ऑल-टेरेन घाला, हवा वीसवर आणा, चढते गाडी." फेब्रुवारीत टायर बदलले. हवा वीसवर आणून आमच्या घरामागच्या चढावर बघितलं, जुन्या टायरना जिथे दोनदा मागे यावं लागायचं तिथे जिप्सी एका दमात वर गेली, आणि मागे वळून पाहिलं तर मातीवर फक्त ठसा होता, खड्डा नव्हता. ग्रुपमधल्या दोघांनी आता तेच टायर मागवले आहेत.